पुनारामच्या घशातले रहिवासी

मानवी देहाएवढं सार्वभौम राज्य जगात दुसरं नाही. धन्याच्या परवानगीशिवाय तिथे पानही हलत नाही. राजेगावच्या पुनारामला याची खात्री होती. मग रविवारी वैनगंगेतल्या बोटभर मासोळीचा काटा त्याच्या घशात आडवा झाला.

बालाघाटच्या डॉक्टरीणबाईंनी काटा काढला. जखम राहिली. पुनाराम कुजबुजला, "म्याडम, आठ दिवसानं पोरीचं लगन हाय. त्रिशरण-पंचशील मलेच म्हणाचं हाय."

मोहल्ल्यातल्या प्रत्येक लग्नात वीस वर्षं तोच ते म्हणत आला होता. शेजारचा महागू त्याच्या जागी म्हणायला वीस वर्षं घसा खाकरून तयार होता.

"जंतू माराची कडक गोळी द्या," पुनाराम म्हणाला.

"गरज नाही," नागपूर माहेर असलेल्या बाई म्हणाल्या. "घशात जंतू राहतातच. काही जखम भरायला मदत करतात, काही उशीर लावतात. सरसकट मारले तर मदतीचेही जातील."

"मंग आपले कोणते अन् परके कोणते?"

"ते अजून आम्हालाही नीट कळलेलं नाही."

पुनाराम सीमेवरच्या गावचा. माणूस इकडचा की तिकडचा, हे तो चालीवरून सांगे. स्वतःच्या घशात एवढी जुनी वस्ती, आणि ओळख एकाशीही नाही.

घरी बायकोने, शेवंताबाईने, मिठाचं पाणी पुढे केलं.

"नोको. आपले मेले तं?"

"मंग चहा घ्या."

"भाजतीन ना ते."

दुसऱ्या दिवसापासून त्याने दात घासणंही सोडलं.

"डॉक्टरनं सांगतलं काय तसं?" बायकोने विचारलं.

"हौ. म्हणजे नाही. पण तिले तसंच म्हणाचं होतं."

"तीस वर्सं मी रांधून राह्यली, माही नाही केली एवढी काळजी."

महागू रोज विचारपूस करायला येई, हातात वंदनेची पुस्तिका. रोज आणखी हातभर दूर बसे. पुनारामला वाटे, गडी खचत चालला.

लग्नाच्या दिवशी पुनारामचा आवाज परत आला, खणखणीत. आपल्यांनी जखम भरली, परक्यांनी माघार घेतली, की नुसतेच आठ दिवस गेले, हे कोणालाच कळलं नाही. नवरानवरीसमोर उभं राहून पुनारामने पहिली ओळ म्हटली. ती मांडवाच्या टोकापर्यंत गेली. महागूने पुस्तिका मिटली. जावयाने डोळे मिटून अर्धं पाऊल मागे घेतलं. श्रद्धाळू पोरगा, पुनारामला वाटलं.

नवरी झालेली प्रियंका हाराआडून हळूच म्हणाली, "बाबा, थोडं तिकडं तोंड करून म्हणा न."