दुर्बिणीसाठी घासलेली काच

मी एक काच बोलतेय; सहा इंच रुंद, पाऊण इंच जाड आणि गोल. माझ्या जन्माविषयी जे सांगणार आहे, ते मी स्वतः पाहिलेले नाही. ते मी शनिवारी, १२ नोव्हेंबर १९९४ रोजी सायंकाळी, गडमुडशिंगीतील एका घराच्या सोप्यात बाबासो यांच्या तोंडून ऐकले. ते आपल्या मुलीला, निशाला, सांगत होते की गुजरीतील एका सराफाच्या काउंटरसाठी आणलेल्या जाड काचेतून मी उरले आणि काचवाल्याने मला व माझ्या जोडीदार काचेला गोल कापून दिले. त्यापुढचे बहुतेक सारे मी स्वतः अनुभवले आहे. जेथे अनुभवलेले नाही, तेथे तसे सांगेन.

निशा तेव्हा नववीत होती. शाळेच्या विज्ञान मंडळात सरांनी तिला चार पानांची एक माहितीपत्रिका दिली होती. दोन काचा एकमेकींवर घासत गेले की वरची काच हळूहळू खोलगट होते. तिला झिलई देऊन मुलामा चढवला की दुर्बिणीचा आरसा तयार होतो, असे तीत लिहिले होते. त्या पत्रिकेच्या पाठीवर निशाने निळ्या शाईने लिहिले, ‘मी स्वतःच्या दुर्बिणीतून शनीची कडी बघणार आणि वेधशाळेत काम करणार.’

घरामागच्या परड्यात पाण्याने भरलेले एक पिंप होते. त्यावर फळी, फळीवर माझी जोडीदार आणि तिच्यावर मी पालथी, अशी आमची मांडणी झाली. मध्ये कुरुंदाची, म्हणजे काच झिजवणाऱ्या कठीण दगडाची, ओली पूड. बाबासो गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत कामाला होते. जाड, मध्यम आणि बारीक अशी तीन डब्यांतील पूड त्यांनीच आणली. रविवारी सकाळी बुद्धवंदना झाली की निशा मला दोन्ही हातांनी पुढे-मागे रेटत पिंपाभोवती फिरू लागे.

शेजारच्या चिमणाबाई कुंपणावरून ओरडत, “काय गं निशा, चटणी वाटतीस व्हय? पावणं बघाय आल्यावर काय सांगू, पोरगी काच वाटतीया म्हणून?”

आई आक्काताईंचाही विरोध होता. “फुडं धावीचं वरीस हाय. काचा घासून पोट भरतंय व्हय?”

“घासू दे की,” बाबासो म्हणत. “तिच्या वयात माझा हात भट्टीला लागला. तिचा काचेला लागू दे.”

सहा महिने असेच गेले. माझ्या पोटात खोलगटपणा आला. जाड पुडीचे काम संपले, मध्यम पुडीचे संपले, बारीक पूड सुरू झाली. माझा पृष्ठभाग दुधाच्या सायीसारखा मऊ होऊ लागला होता.

रविवारी, ४ जून १९९५ रोजी, निशाने मला उलटे करून धुतले आणि ती जागीच थांबली. मधोमध बोटभर लांबीचा, कोयरीसारखा वळलेला चरा होता. बारीक पुडीत कोठून तरी जाड कण आला होता.

“माझ्याच हातनं गेलं,” ती म्हणाली. “डबा नीट धुतला न्हाई मी. ह्या हाताला असलं काम जमायचं न्हाई.”

बाबासो मोरीपाशी उभे होते. ते हात धूत राहिले.

त्यानंतर तिने मला हात लावला नाही. माझी जोडीदार लोणच्याच्या बरणीखाली गेली आणि मी आक्काताईंच्या दुधाच्या पातेल्यावरचे झाकण झाले. तेरा वर्षे मी वाफ झेलली. माणसांची एक सवय मला तेथे कळली. मोडलेली वस्तू ती लगेच टाकतात; अर्धवट राहिलेली मात्र कोठल्या तरी कामाला जुंपून नजरेआड करतात. निशा डी.एड. झाली, शाहूवाडीकडच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका झाली, तिचे लग्न झाले. ती माहेरी येई, माझ्याखालचे दूध ओतून घेई आणि मला पुन्हा ठेवून देई.

मे २००८ च्या सुटीत, ११ तारखेला, तिने मला उचलले ते खाली ठेवलेच नाही. बाबासो तेव्हा निवृत्त झाले होते आणि जवळच बसले होते.

“चौथीच्या पोरांनी इचारलं, आबा. बाई, तुमी ल्हानपणी कोण हुणार हुता? मी सांगितलं, शिक्षिकाच. खोटं बोलले पोरांस्नी.”

“मग घे की परत हातात.”

“न्हाई. चरा पाडणारा हात हाय ह्यो. परत तेच हुणार.”

बाबासोंनी हातातले विड्याचे पान बाजूला ठेवले. “त्यो चरा तुझा न्हवं. वापरलेली जाड पूड मी धुवून, वाळवून ठेवलेली. फौंड्रीत आमी काय वाया घालवत न्हाय. ती मीच बारीकच्या डब्यात वतली. वाटलं, झिजून बारीक झाली आसंल.”

निशाचा अंगठा चऱ्यावर थांबला. “मग तवाच का न्हाय सांगितलंसा?”

“तू रडत हुतीस. आनि मी फौंड्रीतला माणूस. पूड वळखाय चुकली म्हणायची लाज वाटली. गप बसलो, त्ये बसलोच.”

ती त्यांच्यावर ओरडली नाही, तिने त्यांचे सांत्वनही केले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पिंप भरले. चरा काढायचा तर मागच्या पुडीवर परत जावे लागते, हे पत्रिकेच्या तिसऱ्या पानावर छापलेले होते. चौदाव्या वर्षी ती तेथवर वाचत गेली नव्हती. नवव्या दिवशी चरा गेला.

दिवाळीच्या सुटीत बारीक पूड झाली, पुढच्या मे महिन्यात झिलई. आज, जून २००९ मध्ये, मी मलमलीत गुंडाळून लाकडी पेटीत आहे. मुलाम्यासाठी मला पुण्याला पाठवायचे आहे. अजून मी आरसा नाही. माझ्यातून आरपार दिसते. निशा वेधशाळेत जाणार नाही, हे तिला ठाऊक आहे आणि मलाही. मात्र शाळा उघडल्यावर पहिल्या दिवशी चौथीच्या नव्या वर्गाला, आधीच्या मुलांना आपण काय खोटे सांगितले होते, ते ती सांगणार आहे. वाचकहो, तुमच्या घरी झाकण झालेले असे काही असेल, तर एकदा उलटून पाहा. माझी विनंती एवढीच.

एका गोष्टीची खात्री मात्र मला कधीच करता आली नाही. निशा पिंप भरत होती त्या सकाळी, आक्काताई ताक घुसळताना स्वतःशीच पुटपुटल्या होत्या, “चरा पडला त्या आठवड्यात तर ह्यास्नी डबल ड्यूटी हुती. डब्याला हात कवा लावला?” निशाने ते ऐकले नाही. बाबासोंनी चूक कबूल केली, की मुलीच्या हातावरची चूक आपल्या अंगावर घेतली, हे मी सांगू शकत नाही. चरा पडला तेव्हा मी पालथी होते.