कंडक्टरबाईंनी गाव निवडलं

बत्तीस वर्षं बसमध्ये उभ्याने काढलेल्या बाईला घर बघायला न्यायचं, आणि तेही गाडीच्या मागच्या सीटवर पट्टा बांधून! पण चिरंजीवांना हे सांगणार कोण? त्यांची बदली झाली होती, महिन्याभरात जुनं घर सोडायचं होतं. नव्या शहरातली घरं आवाक्याबाहेरची, म्हणून आसपासच्या गावांची त्यांनी यादी केली होती. स्वयंपाकघराला दहापैकी किती, बागेला किती, शांततेला किती. नकाशे काढणारा माणूस तो, रकाने आखल्याशिवाय त्याला शिंकसुद्धा येत नाही.

बाईंनी चष्मा चढवून यादी वरपासून खालपर्यंत वाचली.

"यात मी कुठे आहे रे?"

"तुला काय, आई! कुठे जायचं असलं की मी सोडेन ना."

बाईंनी यादी परत त्याच्या हातात दिली. त्यांना गाडी चालवता येत नव्हती आणि गुडघा चार गल्ल्यांपलीकडे साथ देत नव्हता. पण बस समोर येऊन उभी राहिली, की आजही त्या कोणाचा हात न धरता चढत. निवृत्त झाल्यापासून रोज कुठेतरी जाऊन यायचं, हेच त्यांचं औषध. आणि 'सोडेन' म्हणजे कधी? रविवारी, तेही मॅच नसली तर. उरलेले सहा दिवस खिडकीत बसून कुंड्या मोजायच्या. छे!

यादीत पहिल्या नंबरावर एक नवी वसाहत होती. शनिवारी बाई, मुलगा आणि सूनबाई अशी तिघं तिथे गेली. घर देखणं होतं, खोटं कशाला बोला. तीन न्हाणीघरं, मागे हिरवळ, दोन गाड्यांचं गॅरेज. मुलगा दलालाबरोबर भिंती ठोकून बघत होता, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "मी जरा थांब्यावर बसून येते."

"आत्ता? तिथे काय आहे?"

"तेच बघायचंय."

आता हे त्यांचं जुनं तंत्र. गाव कसं आहे ते बाई घरांवरून ओळखत नसत, बसमध्ये चढणाऱ्यांच्या हातात काय आहे त्यावरून ओळखत. नुसत्या बॅगा दिसल्या, तर लोक तिथून पळ काढतायत. हातात काहीच नसलं, तर तिथे फक्त झोपायला येतात. आणि कोणी दुरुस्त केलेली इस्त्री, कोणी अर्धा कोबी, कोणी रंगाचा डबा घेऊन चढलं, तर समजायचं की इथे माणसं राहतात. बत्तीस वर्षांत हा हिशोब एकदाही चुकला नव्हता.

वसाहतीच्या थांब्यावरच्या बाकाचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं. दीड तासात एकच बस आली. अकरा बायका उतरल्या, सगळ्या इथल्या घरांची साफसफाई करायला आलेल्या. चढलं कोणीच नाही.

"इथले लोक कुठून बस धरतात गं?" बाईंनी शेवटच्या बाईला विचारलं.

ती हसली. "ते कशाला बस धरतील? आणि आम्ही गेलो ना, की इथे चिटपाखरू नसतं."

गाडीत परत बसल्यावर बाईंनी सरळ सांगून टाकलं, "मला इथे राहायचं नाही."

मुलाचं डोकं फिरलं. "एका थांब्यावरून? आई, तू आता तिकिटं फाडत नाहीस! सत्तरीला आलीस. तुला रोज उठून जायचंय तरी कुठे?"

हे बाईंना फार लागलं. एरवी पन्नास माणसांच्या गर्दीला 'पुढे सरका' म्हणून गप्प बसवणारा आवाज, पण आता तो कापरा झाला.

"कुठे ते महत्त्वाचं नाही रे. मनात आलं की निघता आलं पाहिजे. मी काय सामान आहे, तू उचलशील तेव्हा हलायला?"

मग सूनबाई, रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करणारी, कमी बोलणारी मुलगी, पुढच्या सीटवरून म्हणाली, "गाडी मलाही येत नाही. विसरलास वाटतं. यादीत सगळ्यात खाली मी एक गाव लिहिलंय. उद्या ते बघू."

दुसऱ्या दिवशी मुलगा तोंड फुगवूनच निघाला. घर होतं चपला शिवणाऱ्याच्या दुकानावर. स्वयंपाकघरात दोघं उभे राहिले तर एकाने श्वास सोडायचा आणि दुसऱ्याने घ्यायचा, असा प्रकार. खाली रस्त्यावर सारखी वर्दळ. शांततेला त्याने दहापैकी दोन दिले, तेही उदार होऊन.

बाई केव्हाच समोरच्या थांब्यावर जाऊन बसल्या होत्या. बाक झिजून गुळगुळीत झालेला. पहिल्या बसमध्ये एक माणूस आरसा घेऊन चढला, एक पोरगी सायकलचं चाक घेऊन. दुसऱ्या बसला पाव, बादली, आणि टोपलीत बसवलेली एक रागीट मांजर. तिसरी यायच्या वेळेला बाईंहून दहा वर्षांनी मोठी आजी काठी टेकत आली, काखेत वाचनालयाचं पुस्तक.

"सोडायला कोणी आलं नाही?" बाईंनी विचारलं.

"कशाला?" आजीबाई म्हणाल्या. त्यांना प्रश्नच कळला नाही.

बाईंच्या अंगात वारं शिरलं. बस आली, आजीबाई चढल्या, आणि मागोमाग आमच्या बाईही चढल्या.

इकडे मुलाने वरून पाहिलं तर बाक रिकामा. तो जिना उतरला, चपलावाल्याला विचारलं, दोन्ही बाजूंना धावत गेला, घामाघूम झाला. दोन तास! शेवटी उलट्या बाजूने एक बस आली आणि तिच्यातून बाई उतरल्या. केस कापलेले, चष्म्याला मोडक्या काडीच्या जागी नवी काडी, एका हातात टोमॅटोची पिशवी, दुसऱ्यात वाचनालयाचा अर्ज. गाल लाल झालेले.

"अगं, सांगून तरी जायचं!"

"का?" बाई म्हणाल्या.

आईचा असा चेहरा त्याने शेवटचा पाहिला होता तो ती कामावर जायची तेव्हा. मधल्या बारा वर्षांत तो कुठे गेला होता, हे आपण कधी विचारलंसुद्धा नाही, असं त्याच्या मनात आलं. त्याला स्वतःची लाज वाटली. त्याने यादी खिशातून काढली, घडी घालून पुन्हा आत ठेवली आणि तडक वर जाऊन दलालाला सांगितलं, "हेच घर घेतो."

स्वयंपाकघर बघून दलालच म्हणाला, "नक्की ना?"

"नक्की म्हणजे नक्की!" खालून बाई ओरडल्या. चपलावाल्याची सुई हातातून पडली.

त्याला आता तीन महिने झाले. परवा मुलाने ऑफिसमधून दुपारी घरी फोन केला. वाजून वाजून बंद झाला. मग बायकोला लॅबमध्ये लावला.

"आई कुठे आहे गं?"

"काय माहीत! दहाच्या बसने गेल्या. कुठल्या बाजूच्या, ते मी नाही बघितलं."

त्याने फोन ठेवला. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने काहीही विचारलेलं नसताना, मुलानेच खुर्ची वळवून, छाती फुगवून त्याला सांगितलं, "माझी आई घरी नाहीये."