आडव्या चौकटी

माझा धाकटा भाऊ देवीदास पौषात गेला. ताप भरला आणि सातव्या दिवशी संपलं. वय एकोणतीस. मागे राहिलो आई, मी, त्याची बायको जमुना आणि अंजनगावच्या आमच्या संत्र्याच्या बागेतली मधमाश्यांची एक पेटी. माझी बायको आधीच गेलेली, लेकरूबाळ कुणालाच नाही.

जर्मनची लढाई सुरू झाली त्या वर्षी त्यानं ती पेटी आणली. वर्ध्याकडे तीन महिने राहून तो माश्या पाळायला शिकून आला होता. तोवर आमच्याकडे मध म्हणजे झाडावरचं मोहोळ. खाली धूर करायचा आणि पिळायचं. माश्यांची खानावळ काढली म्हणून मी गावभर सांगत फिरलो. तो नुसता हसायचा. बाप लवकर गेला, त्याला मीच वाढवला होता, त्यामुळे माझं बोलणं तो मनावर घेत नसे. हे ठाऊक होतं म्हणून मी जास्तच बोलायचो.

पेटीत खाली एक पाट, पाटाला माश्यांच्या जाण्यायेण्याचं दार. पाटावर चौरस खोका, त्यात आठ लाकडी चौकटी ओळीनं टांगलेल्या. माश्या त्यांच्यात पोळी बांधतात. खोका पाव फेरा फिरवला की चौकटींची तोंडं बदलतात. दाराशी उभ्या असल्या तर वारा चौकटींमधून थेट मागपर्यंत जातो. आडव्या असल्या तर पहिलीच चौकट भिंतीसारखी आड येते आणि आत ऊब राहते. हे आज सांगता येतं. तेव्हा तो सांगायला लागला की मी उठून जायचो.

मार्गशीर्षात थंडी पडली तेव्हा त्यानं खोका फिरवून चौकटी आडव्या केल्या. मी झाडांना पाणी देत होतो. मला म्हणाला, "दादा, आता पेटीले हात नको लावजो." पंधरा दिवसांत तो अंथरुणाला खिळला. पेटीबद्दल तो माझ्याशी शेवटचं बोलला ते एवढंच.

जमुना वर्षभर घराबाहेर पडणार नव्हती, आमच्यात तशी रीत. शिवाय मी तिचा भासरा. धाकट्याच्या बायकोनं नवऱ्याच्या मोठ्या भावाशी बोलायचं नाही, तो ओसरीवर आला की पदर ओढून आत जायचं. नऊ वर्षांत तिचा आवाज मी भिंतीपलीकडूनच ऐकला. काही सांगायचं झालं तर ते आईच्या तोंडून यायचं.

होळी झाल्यावर आई मला जेवताना म्हणाली, "जमुना म्हंते, आता पेटी फिरवा. उन्हाळ्यात चौकटी उभ्या लागतात. नाही त माश्या घुसमटतात."

"तिले कोनं सांगतलं?"

"देवीदासनं. दरसाल दोघं मिळूनच फिरवत होते. तू बाजारात गेला का ती जाये बागेत."

खरं सांगतो, मला राग आला. राग माश्यांचा नव्हता. ज्याला खांद्यावर बसवून मी कौंडण्यपूरची जत्रा दाखवली, तो मला फक्त हात लावू नको म्हणाला, आणि बाकीचं सगळं तिला सांगून गेला. आत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं मी म्हणालो, "मले त्यानं हात नको लावजो म्हनलं. मरनाऱ्याचा शबुद हाये. मी नाही मोडत."

आत भांडी घासण्याचा आवाज थांबला. पाडव्यानंतर तिनं पुन्हा निरोप दिला, मी पुन्हा तेच सांगितलं. तिसरा निरोप सांगताना आईच काकुळतीला आली. "फिरवून टाक ना शालिक. काय जाते तुहं?" मी ताटावरून उठलो.

चैत्र तापला तशा माश्या दाराबाहेर झुपक्यानं लटकून पंख हलवू लागल्या. मला वाटलं, वाढल्या, आत मावत नाहीत. मी खूश झालो. भावाचा शब्द पाळला त्याचं फळ, असंही मनात आलं. वैशाखात एका दुपारी सगळ्या एकदम उठल्या, बागेवर एक घिरटी घातली आणि गाविलगडच्या डोंगराकडे निघाल्या. मी दोन शेतं त्यांच्यामागे धावलो.

घरी येऊन आईला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जमुना बागेत आली. चार महिन्यांची विधवा, गावातून एकटी चालत. डोक्यावर पदर होता, पण तोंड उघडं होतं. सवयीनं मीच बाजूला होऊ लागलो.

"थांबा," ती म्हणाली. मला काय म्हणून हाक मारायची हे तिला ठाऊक नव्हतं, कधी मारलीच नव्हती.

तिनं झाकण काढलं. तीन पोळी वितळून खाली पडली होती, मधात मुंग्या लागल्या होत्या.

"तीनदा सांगतलं म्या."

"हो."

"हात नको लावजो, ते हिवाळ्यापुरतं होतं. तुमाले ते पुरं कधी सांगतच नव्हते. म्हनत, दादा आयकत नाही, जमुना, तू ध्यानात ठेव."

मी रडलो. त्याच्या मयतीला रडलो नव्हतो, सगळं मलाच पाहायचं होतं. आता संत्र्याच्या बुंध्याला धरून रडलो आणि मला लाज वाटली नाही. तिनं मला समजावलं नाही. माझं होईपर्यंत ती उभी राहिली.

"धरा तिकून," मग ती म्हणाली.

"आता कायले? रिकामी हाये."

"त्यायचं काम राह्यलं हाये."

खोका हलका होता, कुणीही एकट्यानं उचलला असता. आम्ही दोघांनी दोन्हीकडून धरला आणि पाव फेरा फिरवला. चौकटी दाराशी उभ्या झाल्या. तिनं झाकण बसवलं, पदर पुढे ओढला आणि ती घराकडे चालू लागली.

त्यानंतर तिनं मला कधी काही सांगितलं नाही, आईच्या तोंडूनही नाही.