भातवाढी आणि रांगेचे टोक

मित्रांनो, मी एक जुनी पितळी भातवाढी आहे. पसरट तोंड, लांब दांडा आणि खुंटीला अडकवायला एक भोक, एवढाच माझा डौल. तांबटाने मला ठोकून घडवले आणि मी एका कारखान्याच्या खानावळीत आले. जन्मापासून मला चौकशा फार.

तिथे एक आचारी काका होते. भाताचे पातेले ते उतरवत आणि त्यांची बायको माझ्या साथीने वाढत असे. तिला सगळे मावशी म्हणत. ती प्रत्येकाला विचारायची, "किती वाढू रे?"

"भरपूर!"

"भरपूर म्हणजे किती? आधी एवढा खा, मग पुन्हा ये. मी काही पळून जात नाही."

माझा भात पुढे कुठे जातो, हे मला दिसत नसे. पण तो येतो कुठून, हे मी कोपऱ्यातल्या तांदळाच्या पोत्याला विचारून घेतले. शेतात किती पाणी लागले, किती महिने ऊन खाल्ले, किती जणांच्या कमरा वाकल्या, हे पोते सांगत राही. तेव्हापासून एक शीत सांडले तरी मला चुटपुट लागे.

मग मावशी आजारी पडली आणि गेली. काही दिवस मी खुंटीवरच होते. नंतर काकांनी मला हातात घेतले. ते कोणाला काही विचारत नसत, मान वर करत नसत. सगळ्यांना सारखीच शिगोशीग भातवाढी उपडी करत आणि पुढच्याकडे वळत. मावशीचा तो प्रश्न त्यांच्या तोंडून निघतच नसे.

त्यातच कारखान्यात नवी यंत्रे आली, माणसे वाढली. रांग दाराबाहेर गेली आणि तिचे टोक येण्याआधीच पातेले खडखडू लागले. टोकाला नेहमी झाडूवाली ताई असे. सगळी फरशी झाडूनच ती जेवायला येई.

"काका, आज खरवड तरी आहे का?"

"तीही नाही गं."

ती पाणी पिऊन परत कामाला जाई. काका पातेल्यात बघत बसत.

कारखान्याच्या साहेबांनी आणखी तांदूळ मागवला, तर दुकानदार म्हणाला, "कुठून आणू? खाणारी तोंडं सगळीकडेच वाढलीत. शेतं काही ताणून लांब होत नाहीत."

"मग आहे त्यात भागवा," साहेब काकांना म्हणाले, "नाहीतर खानावळ बंद करावी लागेल."

एवढा भात जातो तरी कुठे? मला चैन पडेना. एका दुपारी सगळे जेवून गेल्यावर मी काकांच्या घामेजल्या हातातून निसटले आणि थेट शेजारच्या उष्ट्याच्या पिंपात पडले. तिथे मला उत्तर मिळाले. माझ्याच आकाराचे ढीग तिथे पडले होते. कितीकांना तर बोटही लागले नव्हते.

काकांनी बाही वर करून हात घातला. मला बाहेर काढले, पण पिंपापुढून ते उठेनात. "अगं, हे बघ," ते हळूच म्हणाले. जवळ कोणीच नव्हते. ते कोणाशी बोलत होते, हे मला कळले.

दुसऱ्या दिवशी रांगेत पहिला एक चष्मेवाला कामगार होता. मी भरून निघाले आणि मध्येच थांबले.

"काका, हात लचकला का?" मागून कोणी ओरडले.

काकांनी मान वर केली. "किती... किती वाढू रे?"

चष्मेवाला दचकलाच. "अर्धाच. मला रोज अर्धाच लागतो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुमचा चेहरा बघून हिंमतच व्हायची नाही!"

रांग हसली. काकाही थोडेसे हसले. त्या दिवशी ताई आली तेव्हा पातेल्यात भात होता.

"किती वाढू गं?"

"भरपूर!"

"भरपूर म्हणजे किती?" काकांनी विचारले आणि क्षणभर मला वाटले, माझा दांडा मावशीच्याच हातात आहे.

आता माझी कड झिजली आहे. उद्या आणखी माणसे येतील, तेव्हा हे पातेले पुरेल का, मला ठाऊक नाही. पिंपही अजून पुरते रिकामे राहत नाही. पण मित्रांनो, तुमच्या ताटाशी माझ्यासारखी कोणी आली, तर हवे तेवढे मागा आणि पुरे झाले की "बस" म्हणायला लाजू नका. त्या वेळी एकदा मागे वळून रांगेचे टोक बघा. तिथे कोणीतरी फरशी झाडून नुकतेच येऊन उभे राहिलेले असते.