लपणातला उजवा जोडा

मी लपणातला उजवा जोडा बोलतोय. जोडा म्हटले की तुमच्या मनात आधी कुणाला तरी हाणायचाच विचार येतो, हे मला ठाऊक आहे. पण घाबरू नका. मी निव्वळ लोकरीचा आहे. माझा मार खाल्लात तर फार तर गुदगुल्या होतील. डावा माझा जुळा भाऊ. तो पहिल्यापासून अबोल, म्हणून बोलायचे काम माझ्याकडे आले.

माझा जन्म एका तपकिरी मेंढीच्या पाठीवर झाला. कळपातली सगळ्यात हट्टी मेंढी ती. कातरायच्या वेळी तिला धरायला दोन माणसे लागत, आणि सुटल्यावर जाता जाता ती दोघांपैकी एकाला तरी ढुशी देऊन जाई. लोकर मात्र अशी दाट, अशी मऊ, की रंगवायचीही गरज नव्हती. तिला मी आई म्हणतो. पिंजलेल्या लोकरीला कसली आलीय आई, असे कुणाला वाटत असेल तर खुशाल वाटू दे.

मला घडवले सासूबाईंनी. त्या काही जगाच्या सासूबाई नव्हत्या, एकाच सुनेच्या होत्या. पण ती सून येता-जाता पाहुण्यांना "आमच्या सासूबाई, आमच्या सासूबाई" असे सांगत राही, त्यामुळे पाहुणेही त्यांना तेच म्हणू लागले. त्यांनी लोकर पिंजली, थरावर थर पसरले, वर साबणाचे कोमट पाणी शिंपडले आणि तळहातांनी चोळत बसल्या. सुरुवातीला आम्ही दोघे भाऊ एखाद्या राक्षसाला होऊ एवढे मोठे होतो. चोळून चोळून, चटईत गुंडाळून लाटून आम्ही आटत गेलो आणि शेवटी लाकडी साच्यावर चढून माणसाच्या मापाचे झालो. त्या हातांचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

आता लपण म्हणजे काय ते सांगतो. सूनबाई चार-चार दिवसांच्या सहली काढायची. पहिल्या दिवशी गाव बघायचे. पाणचक्की, जुना लाकडी पूल, आणि लोकरीचे काम बघायला सासूबाईंचे अंगण. मग रोज संध्याकाळी रानात अस्वले बघायची. त्यासाठी रानाच्या कडेला एक लाकडी खोली बांधली होती. समोर लांबट काच, आत दोन बाके. तेच लपण. सूनबाईचा नवरा गाडी चालवायचा. बायको आणि आई यांच्यात शब्दाला शब्द लागला की तो गाडीची चाके तपासायला निघून जायचा. त्यामुळे त्या गाडीची चाके कायम उत्तम असत.

पहिल्या वर्षी पाहुणे बूट घालून लपणात बसले. एकाने पाय हलवला की फळी करकरायची आणि अस्वल काढता पाय घ्यायचे. मग नुसत्या मोज्यांवर बसवून पाहिले, तर लोक गारठून शिंकायला लागले. शेवटी सूनबाई सासूबाईंकडे आली.

"आई, लोकरीचे चौदा जोड करून द्याल?"

"कुणासाठी गं?"

"पाहुण्यांसाठीच. म्हणजे, अस्वलाला चाहूल लागू नये म्हणून."

"जन्मभर अस्वलं हाकलायला डबे बडवले मी. आता त्यांना त्रास नको म्हणून जोडे करू?"

पण केले. काम समोर आले की त्यांच्याने नाही म्हणवत नसे. फक्त एक तंबी दिली, "हे घालून बाहेर पाऊल टाकायचं नाही. चिखलात भरवलेत तर माझ्या दारात आणू नका." लपणाबाहेर रॅकवर आम्ही ओळीने बसलो. दर आठवड्याला टोपलीतून सासूबाईंकडे जायचे, त्यांनी झटकून, उन्हात ठेवून, उसवले असेल तर टाका घालून परत पाठवायचे, असा आमचा क्रम होता.

कोणत्या पाहुण्याला कोणता जोड, हे सासूबाई ठरवत. अंगणात आलेल्या प्रत्येकाला त्या जाड कागदावर उभे करत, पावलाभोवती पेन्सिल फिरवत आणि तो आकार कात्रीने कापून घेत. नंबर विचारत नसत. बायका एक नंबर कमी सांगतात आणि पुरुष एक जास्त, हा त्यांचा अनुभव. "तोंड काय, वाटेल ते सांगतं," त्या म्हणत, "माप पायाचं घ्यावं."

मलाही माणसे पायांवरूनच कळतात. कितीही मोठा साहेब असो, अस्वल झाडीतून बाहेर आले की त्याची बोटे तान्ह्या बाळासारखी आकसतात. एकदा एक नवरा-बायको गाडीत भांडून आले होते. अस्वल बघता बघता तिने नकळत आपला पाय माझ्यावर ठेवला आणि त्याने तो तसाच राहू दिला. अशी कितीतरी पावले मी ऊब देऊन सांभाळली. हे सुख सगळ्यांच्या नशिबी नसते, आणि मला ते भरभरून मिळाले.

लपणासमोर एक अस्वलीण नेमाने यायची. मागून दोन पिल्ले. ती दगड उलथून किडे शोधायची आणि पिल्ले तिच्याच पायात येऊन आपटायची. तिला बघायला लोक लांबून येत. तिच्या जिवावरच सूनबाईची सहल चालली होती, म्हणा ना.

आणि मग एका पहाटे माझी आई, ती तपकिरी मेंढी, गेली.

त्या आठवड्यात आम्ही सासूबाईंच्या खिडकीत उन्हाला होतो, म्हणून मला सगळे माहीत आहे. मेंढरांच्या वाड्याचे फाटक मोडलेले होते. चिखलात तपकिरी लोकर पडली होती. त्या हट्टी मेंढीने शेवटीही कुणाला तरी ढुशी दिली असणार. सासूबाई रडल्या नाहीत. घरात गेल्या, कागद आणि कात्री घेऊन आल्या आणि चिखलात बसल्या. अस्वलाच्या मागच्या पायाचा ठसा थेट माणसाच्या पावलासारखा असतो. एक ठसा स्वच्छ उमटला होता. त्यात बरोबर बसेपर्यंत त्या कागद कापत राहिल्या. बघणाऱ्यांना वाटले, म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला. मला तसे वाटले नाही. समोर पाऊल दिसले आणि त्यांचा हात आपोआप मापाकडे वळला, एवढेच.

गावाने निकाल तिथल्या तिथे देऊन टाकला. रोज येणारी अस्वलीण एकच, म्हणजे तीच. आठ दिवस लोक वनखात्याच्या साहेबांच्या मागे लागले. साहेब म्हणाले, जिची मेंढी गेली तिने स्वतः जनावर बघावे, ओळखावे आणि सही करावी. मग पिंजरा लावू. अस्वलीण लांब कुठेतरी कुंपणात जाईल, पिल्ले दुसरीकडे.

खरे सांगतो, मला सूड हवा होता. माझ्या अंगाचा प्रत्येक धागा त्या मेंढीचा. मी रॅकवर बसून त्या सहीची वाट बघत होतो.

सासूबाई आयुष्यात पहिल्यांदा लपणाकडे आल्या त्या या सहीसाठीच. सूनबाईलाच त्यांना आणावे लागले. सही करू नका असे तिने वाटेत एकदाही विनवले नसावे, कारण दोघी आल्या तेव्हा नवरा गाडीची चाके न तपासता चक्क दोघींच्या मागे उभा होता. सूनबाई एवढेच म्हणाली, "आई, आत वाकून जा. डोक्याला लागेल." सासूबाईंनी रॅककडे पाहिले. बाकीच्या तेरा जोडांवरून त्यांची नजर सरळ आमच्यावर आली. त्यांनी आम्हाला उचलले, बोटांनी एकदा दाबून पाहिले आणि पायात घातले. त्यांचे पाय बर्फासारखे गार होते.

ऊन उतरू लागले तेव्हा अस्वलीण आली. सासूबाईंची बोटे माझ्या आत घट्ट वळली. बाकावर चार पाहुणे होते, त्यांचे श्वास ऐकू येत होते. साहेबांनी हळूच कागद आणि पेन पुढे केले. सासूबाईंनी पेन घेतले.

बाहेर एका पिल्लाने आईच्या पाठीवर चढायचा प्रयत्न केला आणि ते गडगडत खाली आले. अस्वलीण त्याला हुंगायला वळली. वळताना तिचा मागचा पाय ओल्या मातीत पूर्ण टेकला. तेव्हा सासूबाईंची बोटे एकदम सैल झाली.

"सूनबाई," त्या कुजबुजल्या, "हिचा पाय लहान आहे गं."

"एवढ्या लांबून पाय काय कळणार, आई?" साहेब म्हणाले.

"मला कळतो."

अस्वलीण पिल्लांना घेऊन चढ चढून पलीकडे उतरली. सूनबाईने नेहमीप्रमाणे थांबायला लावले, दुर्बिणीतून खात्री केली, मग दार उघडले. सासूबाई तरातरा बाहेर पडल्या. "आई, जोडे! बाहेर चिखल आहे!" सूनबाई ओरडली. पण तंबी देणारीलाच तंबी ऐकू गेली नाही. आम्ही दोघे भाऊ चिखलात घोट्यापर्यंत बुडालो. थंडगार पाणी अंगात शिरले.

त्यांनी कनवटीचा तो कापलेला कागद काढला, उलगडला आणि त्या ताज्या ठशावर ठेवला. कागद चारी बाजूंनी दोन-दोन बोटे बाहेर आला. दुसरा ठसा पाहिला. तिसरा पाहिला. मापायचे काम त्यांनी कधी घाईत केले नव्हते, आताही केले नाही.

"ही नाही," त्या म्हणाल्या. "माझ्याकडं आलेलं जनावर हिच्याहून पुष्कळ मोठं होतं."

"नीट विचार करा. सगळं गाव म्हणतंय."

"गाव म्हणू दे. पाय कुणी मापला? ही नाही असं लिहा साहेब, त्याखाली सही करते."

आणि केली. माझ्या आईला नेणारे अस्वल कोणते, ते अजूनही कुणाला कळलेले नाही. मला वाईट वाटले, पण त्याहून जास्त लाज वाटली. दोन पिल्लांची आई हिरावून मी माझ्या आईचे सुतक फेडणार होतो.

सूनबाईला आभार मानायचे होते, पण सासूचे आभार कसे मानतात हे तिला कुणी शिकवले नव्हते. म्हणून तिने आम्हाला धुवायला घेतले. चिखल निघावा म्हणून जीव तोडून, चांगल्या उकळत्या पाण्यात! लोकरीचे आणि उकळत्या पाण्याचे काय होते ते सासूबाईंच्या घरात मांजरालाही माहीत होते. बादलीतून बाहेर आलो तेव्हा आम्ही वीतभर उरलो होतो. सूनबाई आम्हाला हातात धरून रडवेली उभी राहिली.

सासूबाईंनी पाहिले. "अगं, हे काय, अस्वलाच्या पिल्लांना करून दिलेस का?" म्हणाल्या, आणि हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांना पदर लावला. मग तो पदर खाली येईना. मेंढी गेल्यापासून साठलेले सगळे त्या दिवशी निघाले, आणि सूनबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसली.

आता आम्ही कुणाच्याच पायात येत नाही. लपणाच्या काचेखाली फळीवर असतो. खरे तर आमची बढती झाली, कारण अस्वलीण आता आम्हाला सगळ्यांच्या आधी दिसते. पिल्ले मोठी झालीत आणि आईला धक्के मारतात. त्या मेंढीचे, त्या हातांचे, चिखलाचे आणि उकळत्या पाण्याचेही मी आभार मानतो. सासूबाई अधूनमधून येऊन बसतात. परवा एका पाहुणीने त्यांना विचारले, "तेव्हा एवढ्या जवळून अस्वल बघताना भीती नाही वाटली?"

"अस्वलाची नाही वाटली, बाई," सासूबाई म्हणाल्या. "पेन हातात आलं ना, तेव्हा वाटली. मी तिचा पाय बघायच्या आधीच सहीचं पहिलं अक्षर काढून झालं होतं."

बाहेर कुणीतरी बूट काढतेय. आता गप्प बसायला हवे. तुम्हीही या कधीतरी, तेरा जोड आहेत अजून. आत आलात की घाई करू नका. ती येतेच, तिला नीट बघा.