इलिंगने मोडलेली धार

मित्रांनो, मी एक जुनी तलवार आहे. राजाच्या कमरेला मी कधी लटकले नाही आणि रणांगण कसे असते ते मला माहीत नाही. तरीही माणसाचे रक्त मी इतके प्यायले आहे की एखाद्या सरदाराच्या तलवारीने लाजावे.

माझा जन्म जर्मनीतल्या झोलिंगेन गावच्या एका भट्टीत झाला. लोहाराने मला लाल होईपर्यंत तापवले, घणाने ठोकले, पुन्हा तापवले, पुन्हा ठोकले आणि शेवटी तेलात बुडवले. तेव्हा माझी जी किंकाळी फुटली, तिला लोहार चुरचुर म्हणतात. माझ्यासोबत, त्याच लोखंडातून, माझी जुळी बहीणही घडली. आम्हा दोघींना एका लांब पेटीत घालून हार्झच्या डोंगरातल्या आमच्या गावी पाठवण्यात आले.

त्या गावात माणसे दोनच कामे करीत. काही जण जमिनीखाली उतरून चांदी आणि शिसे खणत. बाकीचे जमिनीवर बसून, ते कसे खणावे याचे शिक्षण घेत. खाली उतरणाऱ्यांना सुरुंगाने आणि दरडीने जखमा होत. त्यांना त्या नको असत. वर शिकणाऱ्या तरुणांना मात्र जखमा हव्या असत.

हो मित्रांनो, हव्या असत. गालावर तलवारीचा वण म्हणजे त्यांच्यात मोठा दागिना. हिरव्या टोप्या घालणारे एक विद्यार्थी मंडळ होते, त्यांच्या दिवाणखान्याच्या भिंतीवर आम्ही दोघी राहत असू. ठरलेल्या सकाळी आम्हाला खाली काढत. दोन तरुण समोरासमोर उभे राहत. डोळ्यांवर लोखंडी चष्मा, गळ्याला जाड पट्टा आणि उघडा फक्त चेहरा. मागे सरकायचे नाही आणि मान वळवायची नाही, हा नियम. मग आम्ही सुटत असू. मी गाल उघडे केले आहेत. एकदा एका नाकाचा शेंडा उडवला आणि शेजारच्या खानावळवाल्याच्या कुत्र्याने तो गिळला. डॉक्टर गुंगीचे औषध न देता टाके घाली, आणि जो ओरडेल त्याचे नाव मंडळातून कमी होई. जखम लवकर मिटू नये म्हणून काही जण तिच्यात घोड्याचा केस घालून ठेवत. संध्याकाळी माझ्या नावाने बिअरचे पेले उंचावले जात. मला त्याचा गर्व वाटे. खोटे कशाला सांगू?

आमची देखभाल बर्कहार्ड इलिंग करी. तो पूर्वी खाणीत होता. एक सुरुंग उशिरा उडाला आणि त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे घेऊन गेला. खाली काम जमेना, म्हणून तो मंडळाचा नोकर झाला. बूट पुसायचे, बिअर भरायची, फरशीवरचे रक्त भुशाने टिपायचे आणि आम्हाला धार लावायची. अकरा वर्षे त्याने मला हाताळले, पण एक शब्दही तो माझ्याशी बोलला नव्हता. कामाची वस्तू म्हणून नीट पुसायचा, तेल लावायचा, टांगायचा.

त्याचा मुलगा फाइट हुशार निघाला. शिष्यवृत्ती मिळवून तो त्याच गावच्या खाणविद्यालयात शिकू लागला. बावीस वर्षांचा, खांद्यांनी रुंद, बोलायला कमी.

मार्चमधल्या एका दुपारी बर्फ पडू लागले, म्हणून फाइट वडिलांचा कोट घेऊन मंडळात आला. इलिंग तेव्हा गुडघ्यांवर बसून लोथार ब्रिंकहाउसचे चिखलाचे बूट ओढत होता. हा ब्रिंकहाउस ऱ्हाइनकडच्या एका कारखानदाराचा मुलगा. मंडळातला सर्वांत चपळ हात त्याचा, आणि मी त्याची आवडती.

"अरे वा, सगळं घराणंच आलं," ब्रिंकहाउस म्हणाला. "इलिंग, तू डावा बूट ओढ, उजवा पोराला दे. नापास झाला तर हा धंदा तरी हाताशी असेल."

सगळे हसले. इलिंगही हसला, नोकराने हसावे तसा.

"बाबा, उठा," फाइट म्हणाला.

"अरे, साहेब गंमत करतायत. कोट ठेव नि जा तू."

"उठा म्हणतो ना."

इलिंग उठू लागला, तेवढ्यात ब्रिंकहाउसने आपला पाय त्याच्या खांद्यावर ठेवला आणि त्याला खाली दाबले. फाइटने दोन पावलांत अंतर तोडले आणि उलट्या हाताने त्याच्या तोंडात दिली. ओठ फाटला. समोरच्या पेल्यात रक्ताचा थेंब पडलेला मी वरून पाहिला.

ब्रिंकहाउसने ओठ चाटला. "नुसता नोकराचा पोर असतास, तर चाबकानं सोललं असतं. पण नाव विद्यालयात आहे तुझं, म्हणून तलवार देतो. परवा सकाळी. चष्मा नाही, गळपट्टा नाही. एक जण पडेपर्यंत."

"चालेल," फाइट म्हणाला.

"इलिंग, ऐकलंस ना? दोन्हींना वस्तऱ्यासारखी धार लाव."

फाइट गेल्यावर इलिंगने हात जोडले. "साहेब, त्याच्या वतीनं मी माफी मागतो. पाय धरतो तुमचे."

"पाय तू रोजच धरतोस," ब्रिंकहाउस म्हणाला. "ज्यानं मारलं त्याला पाठव."

फाइट काही आला नाही. पोलिसांत जावे, तर अशा झुंजीला कायद्याने बंदी असल्याने मुलाचे नावच विद्यालयातून जाईल. इलिंगला कोणतीच वाट उरली नाही.

दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीत त्याने आधी माझ्या बहिणीला घेतले. दगडावर पाणी शिंपडून तासभर घासले. मग स्वतःच्या मनगटावरचा केस तिच्यावरून फिरवला आणि तो तुटून पडला. नंतर त्याने मला घेतले. पण यावेळी मला आडवी न धरता त्याने माझे पाते दगडावर उभे धरले आणि धारेवरूनच दगड ओढला. पुन्हा ओढला. मित्रांनो, पोलादाला वेदना होत नाहीत असे तुम्हाला शिकवले असेल. ते खरे नाही. माझे जे काही होते ते सगळे त्या धारेतच होते.

"ब्रिंकहाउस साहेब नेहमी तुलाच घेतात," तो प्रथमच माझ्याशी बोलला. "माझ्या पोराला कापू नकोस. बाकी काही मागत नाही."

मला त्याचा भयंकर राग आला. मुलगा काय, बाप काय, मला त्याचे काय होते? मला लुबाडले होते एवढेच मला कळत होते.

झुंज गावाबाहेर, तळ्यापलीकडच्या मोकळ्या जागेत होती. जुन्या बर्फावर भुसा पसरला होता. दोघेही कमरेच्या वर उघडे. इलिंग पाण्याचे घमेले आणि कापडाच्या चिंध्या घेऊन डॉक्टरजवळ उभा होता. पंच म्हणून आलेल्या मोठ्या विद्यार्थ्याने आमची लांबी मोजली, टोके पाहिली. धार कोणी पाहिली नाही, कारण धार इलिंगने लावली होती.

"हा मंडळाचा माणूस नाही," पंच फाइटकडे बोट दाखवून म्हणाला. "उगाच कोणी बोलायला नको. काड्या टाकू. लांब काडी ज्याची, तो पहिल्यांदा तलवार निवडेल."

लांब काडी फाइटला मिळाली. त्याने आम्हा दोघींकडे पाहिले आणि मला उचलले.

इलिंगच्या हातातले पाणी घमेल्याच्या काठावरून सांडू लागले. त्याचे तोंड उघडले. पण बोलला असता तर सगळ्यांसमोर मुलगा लबाडाचा ठरला असता. तो क्षणभर थांबला, आणि तेवढ्यात झुंज सुरू झाली.

पहिल्याच फेरीत माझी बहीण फाइटच्या डाव्या खांद्यात हाडापर्यंत उतरली. कातडी उलटून लोंबली. डॉक्टरने चिंधी कोंबली आणि फाइट परत उभा राहिला. दुसऱ्या फेरीत ब्रिंकहाउस पुढे झेपावला आणि त्याची बाजू उघडी पडली. फाइटने सगळ्या अंगाचे बळ लावून मला त्याच्या मानेवर आणले. ती मोठी शीर माझ्याखाली उडत होती, मला ती जाणवली. दोन दिवसांपूर्वीची मी असते, तर मान अर्धी गेली असती. मी नुसती आदळले. ब्रिंकहाउस गुडघ्यांवर आला, खोकला आणि मान चोळत उठला. काय झाले ते कोणालाच कळेना. फाइट माझ्याकडे पाहत राहिला.

त्या पाहण्याने घात केला. ब्रिंकहाउसने त्याचे कपाळ उभे फोडले. रक्ताचा पडदा दोन्ही डोळ्यांवर उतरला. फाइट आंधळ्यासारखा मला हवेत फिरवू लागला. पंचाने थांबवायला हवे होते, पण एक जण पडेपर्यंत असे ठरले होते. ब्रिंकहाउसने हात वर नेला.

घमेले बर्फावर आदळले. इलिंग मध्ये घुसला आणि खाली येणारे पाते त्याने उजव्या हाताने धरले. आपणच वस्तऱ्यासारखे केलेले पाते. ते तळव्यातून आरपार गेले. तीन बोटे भुशात पडली.

"थांबा," तो म्हणाला. "पोराची तलवार बोथट आहे. मी केली. तुमच्यासाठी केली होती, साहेब."

पंचाने माझी धार अंगठ्यावर घासून पाहिली आणि मला खाली फेकले. डॉक्टर इलिंगचे मनगट आवळून बांधत होता. बांधता बांधता त्याने ब्रिंकहाउसच्या मानेवरचा निळा वळ पाहिला आणि त्यावर बोट ठेवले.

"इथं धार लागली असती," तो म्हणाला, "तर आज रात्री तुझ्या बापाला मला तार करावी लागली असती. या लबाडानं तुला वाचवलंय."

ब्रिंकहाउसने हातातले पाते टाकले आणि तो कडेच्या झाडापर्यंत गेला. झाडाला धरून तो बराच वेळ वाकून राहिला.

फाइटने डोळ्यांतले रक्त पुसले. "तुम्ही मला लबाडाचा मुलगा केलंत," तो वडिलांना म्हणाला.

"मेलेल्या मुलाचा बाप होण्यापेक्षा बरं," इलिंग म्हणाला आणि बेशुद्ध पडला.

मंडळाने त्याला नोकरीवरून काढले. त्याच्या सामानाबरोबर मलाही पाठवून दिले. बाटलेली तलवार भिंतीवर नको, असे ते म्हणाले. इलिंगची बायको डोर्टे हिने मला दारात पाहिले, चुलीपाशी नेले आणि माझ्या टोकाने निखारे सारले. "निदान याच्या तरी उपयोगी पड," ती म्हणाली.

फाइट आठ दिवस घरी आला नाही. नवव्या दिवशी दुपारी आला, कपाळावर काळे टाके घेऊन. इलिंग टेबलाशी बसला होता, दोन्ही हातांत मिळून पाच बोटे, आणि समोरच्या पावाकडे नुसता पाहत होता. फाइट समोर बसला. त्याने पाव ओढून घेतला, पातळ कापला, त्यावर लोणी लावले आणि एक तुकडा वडिलांच्या तोंडाशी नेला. इलिंगने तो खाल्ला. डोर्टे पाठ फिरवून माझ्या टोकाने निखारे सारत राहिली, निखारे नव्हते तरी.

"दुखतं का?" फाइटने विचारले.

"गेलेली बोटं दुखतात. राहिलेली बरी आहेत."

पुढे महिन्याभराने ब्रिंकहाउसकडून एक पत्र आले. त्यात एकच ओळ होती, की बुटाबद्दलचे शब्द तो मागे घेत आहे. फाइटने ते वडिलांना वाचून दाखवले आणि चुलीत टाकले. तो शिकला, खाणीत अधिकारी झाला, आणि त्याच्या हाताखाली सुरुंग उडाल्यावर अर्धा तास मोजल्याशिवाय कोणाला आत जाता येत नसे.

मी पन्नास वर्षे चुलीशी काढली. मग माळा, मग अडगळ, मग उंदीर. फाइटच्या नातीने मला गावच्या संग्रहालयात दिले. आता डोंगर पाहायला आलेले पाहुणे माझ्यासमोर थांबतात. गेल्या हिवाळ्यात एक मुलगी काचेला नाक लावून म्हणाली, "हिनं किती जणांना मारलं?" संग्रहालयातली बाई म्हणाली, "हिला धारच नाही." मुलगी हिरमुसून पुढे गेली. तिच्याबरोबरच्या गृहस्थाने सुचवले, की थोडी धार लावून ठेवा, जरा खरी वाटेल.

मित्रांनो, मी म्हातारी झाले आहे. माझ्यावर गंज चढतो तो पुसा. वर्षातून एकदा तेलाचा बोळा फिरवा. जुन्या वस्तूंना एवढे पुरते. पण मला धार लावू नका, आणि तुमच्या घरी रागाच्या भरात कोणी काही परजत बसला असेल, तर त्याच्या हातून ते वेळेवर काढून घ्या. धार लावायला एक तास लागतो. ती अडवायला इलिंगला आपला हात द्यावा लागला.