चार जुने कण

नऊ वर्षांपूर्वी आलेल्या एका पत्राला सरांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र हरवलं नव्हतं. टेबलाच्या खणात, भिंगाच्या डबीखाली होतं, आणि उघडून उघडून घडीवर विरत आलं होतं.

पत्र खडीमामांचं. सर भूशास्त्र विभागात शिकवत होते तेव्हा तळघरातल्या दगड भरडायच्या यंत्रावर हे गृहस्थ असायचे. अंगावर कायम पांढरी धूळ, म्हणून हे नाव पडलं. त्यांनी लिहिलं होतं, "सर, तुमच्या त्या दगडाच्या वेळी यंत्र पुसायचं मी विसरलो होतो का? आठवून आठवून डोकं शिणलं. तुम्ही सांगाल ते खरं मानीन."

त्या दगडाचं वय दोनशे सत्तर कोटी वर्षं. सरांना मात्र त्याच्या चुऱ्यात झिरकॉन या खनिजाचे चार कण सापडले, त्यांचं वय भरलं तीनशे ऐंशी कोटी. झिरकॉन भारी चिवट. भोवतालचा खडक वितळला तरी तो बहुधा टिकतो. सरांनी निष्कर्ष काढला, की इथे खंडाचं कवच शंभर कोटी वर्षं आधीच तयार झालं होतं. पुढे ते खोलवर वितळलं, त्याचा नवा खडक झाला, आणि जुन्याची खूण म्हणून हे चार कण तेवढे उरले. जन्मभर सभेत मागच्या रांगेत बसलेल्या माणसाचं नाव पहिल्यांदाच चारचौघांत निघालं.

दोन वर्षांनी दुसऱ्या प्रयोगशाळेने तोच खडक पोतंभर भरडला. जुना कण एकही नाही. सरांच्या दगडाच्या आदल्या दिवशी यंत्रात दुसराच, फार पुरातन दगड भरडला होता. त्याचे कण जबड्यात अडकून राहिले होते. सरांनी आपला छापलेला शोधनिबंध मागे घेतला आणि कारण दिलं, "भरडण्याच्या खोलीतील अस्वच्छता." वाक्य खोटं नव्हतं. पण त्या खोलीतला माणूस म्हटला की एकच. मामांना तिथून उठवून फाटकावर बसवलं.

गेल्या आठवड्यात सरांचा जुना विद्यार्थी, आता विभागप्रमुख, भेटायला आला.

"पोरं फार धांदरट हो, सर," तो हसत म्हणाला. "रोज ओरडावं लागतं, यंत्र पुसा, खडीमामा करू नका!"

"म्हणजे काय रे?" सरांच्या थोरल्या ताईंनी विचारलं.

"म्हणजे घाण ठेवू नका. आमच्याकडे शब्दच पडलाय तसा. असा कोणी माणूस होता हेही नव्यांना माहीत नाही."

सर हसले. आपण हसलो, हे त्यांना स्वतःलाच ऐकू आलं.

पाहुणा गेल्यावर त्यांनी खणातलं पत्र ताईंपुढे ठेवलं. ताईंनी वाचलं, तारीख पाहिली.

"नऊ वर्षं! तुझं बरंय बाबा. कोटींत मोजणाऱ्याला नऊ म्हणजे काय!" मग चष्मा काढून म्हणाल्या, "विसरले होते का रे ते?"

"ते नव्हतेच त्या दिवशी. बायकोला दवाखान्यात नेलं होतं. उद्या भरडून देतो म्हणाले होते. मला धीर निघेना. मीच दगड घातला. पुसलं नाही."

"आणि त्यांना हे ठाऊक नाही?"

"रोज पाच-सहा दगड यायचे, ताई. कुठला कधी भरडला, काय आठवणार त्यांना?"

"मग तू का नाही कळवलंस?"

"सुरुवात जमेना."

"सत्तावीस निबंधांची बरी जमली!"

सर लिहायला बसले. पहिल्या कागदावर 'दुर्दैवाने' आलं, दुसऱ्यावर 'त्या वेळच्या परिस्थितीत'. दोन्ही फाडले. तिसऱ्यावर चारच ओळी उतरल्या: "मामा, तुम्ही विसरला नव्हता. तुम्ही त्या दिवशी नव्हताच. यंत्र मी चालवलं आणि मी पुसलं नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं."

पत्र आलं तेव्हाच मामा सत्तरीला आले होते. आता आहेत की नाहीत, सरांना ठाऊक नव्हतं. त्यांनी पाकिटामागे स्वतःचा पत्ता ठळक अक्षरांत घातला. परत आलं तर तेही कळायला हवं.

मग त्याच मजकुराची दुसरी प्रत काढली, विभागप्रमुखाच्या नावाने. खाली लिहिलं, "तळघरात सगळ्यांसमोर वाच."

कोपऱ्यावरच्या पेटीत मामांचं पाकीट लगेच पडलं. दुसरं बोटांत अडकून राहिलं. मागे एक बाई ताटकळत होती.

"आजोबा, टाकताय ना?"

"हो, हो," सर म्हणाले, आणि त्यांनी ते टाकलं.